हेराच्या बदल्यात आचारी

मंगळवार पेठेत सकाळी अकरानंतर मिसळ मागायला येणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर सरकारी. त्या दिवशी आलेला माणूस दोन्ही होता. पायात काळे बूट, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि दारावरच्या पाटीकडं तो अशा नजरेनं बघत होता, जणू तिच्यावर कुणी शिवीच लिहून ठेवलीय.

पाटीवर 'दस्तगीरची मिसळ' एवढंच होतं, पण हातभर अक्षरांत. सहा वर्षांपूर्वी दस्तगीर शिकलगारला समुद्रापलीकडच्या एका देशात हेर म्हणून बारा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा पेठेतल्या चार शहाण्यांनी त्याच्या बायकोला सुचवलं होतं, "जुलेखाभाभी, पाटीवरचं नाव तेवढं बदला, गिऱ्हाईक बिचकतंय." जुलेखानं दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला आणि अक्षरं होती त्याच्या दुप्पट मोठी करून घेतली. ज्याला बिचकायचंय त्यानं लांबनंच बिचकावं, जवळ येऊन कशाला, असं तिचं म्हणणं. काही दिवस बाकडी ओस पडली. मग शेजारच्या तालमीतला गुंडू पैलवान दहा-बारा गडी घेऊन रोज सकाळी मुद्दाम येऊन बसायला लागला आणि हळूहळू पेठ परत आली. कोल्हापूरचा माणूस राग मोठा धरतो, पण चांगल्या मिसळीवर तरी किती दिवस रुसणार?

"आपणच जुलेखा शिकलगार?" बूटवाल्यानं विचारलं.

"व्हय. बसा की पावणं. मिसळ संपत आलीया, पर एका ताटाची निघंल."

"मी सौमित्र. दिल्लीहून आलोय, सरकारकडून." तो तिशीतला पोरसवदा अधिकारी होता. बाकड्यावर बसण्याआधी त्यानं बाकडं पुसलं नाही, एवढ्यावरनं जुलेखानं त्याला निम्मे गुण देऊन टाकले. "काकू, बातमी चांगली आहे."

जुलेखाच्या हातातली पळी तशीच राहिली. सहा वर्षांत सरकारकडून तीनच तऱ्हेच्या बातम्या आल्या होत्या. अर्ज पोचला, अर्ज विचाराधीन आहे, आणि काहीच न येणं. चांगली अशी बातमी कधी आलीच नव्हती.

"पुढच्या महिन्यात दोन्ही देशांचे मोठे लोक भेटणार आहेत," सौमित्र म्हणाला. "त्याआधी एकेक कैदी सोडायचं घाटतंय. त्यांचा एक माणूस आपल्या तुरुंगात आहे. नौदलाच्या गोदीचे फोटो पाठवताना पकडलेला, खराखुरा हेर. तो त्यांना परत हवाय. त्याच्या बदल्यात ते दस्तगीरना सोडायला तयार आहेत."

"कवा?"

"सगळं जुळलं तर वीस दिवसांत."

जुलेखा गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर खाली बसली. त्या बाकड्यावर ती कितीतरी वर्षांनी बसत होती. वीस दिवस! दस्तगीरच्या शिक्षेतली अजून सहा वर्षं बाकी होती. अंगात साखर, गेल्या साली डाव्या पायाची दोन बोटं काढलेली. लेकीचं, तमन्नाचं लग्न बापाविना झालं, ती चंदगडला नांदायला गेली, तिला मुलगी झाली, आणि ती मुलगी आता भिंतीवरच्या फोटोला बोट लावून 'नाना' म्हणते. वीस दिवसांत तो फोटो चालत घरात येणार होता.

"जुळलं तर म्हंजे?" तिनं विचारलं. बाई कोल्हापूरची होती. गोड बोलण्यातला खडा तिला पहिल्याच घासाला लागतो.

सौमित्रनं पिशवीतनं कागदांचा गठ्ठा काढला. त्या देशाच्या कायद्यात माफी द्यायची तर आधी गुन्हा कबूल असावा लागतो, असं त्यानं सांगितलं. दस्तगीर कबूल करत नव्हता. त्याच्यापुढं तीनदा कागद ठेवला, तीनदा त्यानं तो परत सारला. पण सगळ्यात जवळच्या नातेवाइकानं त्याच्या वतीनं कबुली देऊन दयेचा अर्ज केला, तर तो चालतो. फक्त प्रत्येक पानावर सही हवी.

"तीनदा परत सारला?" जुलेखा म्हणाली आणि तिची मान आपोआप ताठ झाली. "मग मी बरी करंन! थांबा, बाईंना बोलावती. त्यांच्याबिगर मी वीजबिलावर सुदिक सही करत न्हाय."

बाई म्हणजे प्रमोदिनीबाई. तमन्नाला शाळेत मराठी शिकवलेल्या, आता निवृत्त होऊन राजारामपुरीत राहणाऱ्या. सहा वर्षांत दिल्लीला गेलेला एकूणएक अर्ज त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात गेला होता. पाऊण तासात त्या रिक्षातनं उतरल्या, चष्मा पुसला, सगळं ऐकून घेतलं, आणि बदल्यात कोण सुटणार हे कळल्यावर चष्मा परत काढून हातात धरला.

"त्याला सोडणार?" त्यांचा आवाज चढला. "माझा मुलगा नौदलात आहे, साहेब. त्या माणसानं ज्या गोदीचे फोटो विकले, त्या गोदीत माझ्या मुलाचं जहाज उभं होतं. त्याला सोडायला माझा विरोध आहे. लेखी हवा असेल तर लेखी देते."

"आणि दस्तगीर यावेत, असंही तुम्हाला वाटतं ना?"

"अर्थात."

"दोन्ही एकदम कसं होणार, बाई?"

"ते तुमचं काम. मला दोन्ही वाटू शकतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला. "द्या तो गठ्ठा. न वाचता ही सही करणार नाही. एक ओळसुद्धा गाळायची नाही."

निकालपत्राचा मराठी गोषवारा होता तो, अकरा पानांचा, प्रत्येक पानाखाली कबुलीची ओळ. खटला बंद दाराआड चाललेला, त्यामुळं पुरावा काय होता हे आजवर घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दस्तगीरलाही धड सांगितलं नव्हतं. बाई शाळेतल्यासारखं ठासून वाचायला लागल्या आणि जुलेखा फडक्यानं बाकडं पुसत ऐकायला लागली. कोपऱ्यात गुंडू पैलवान त्याची दुसरी मिसळ खात होता. त्याला उठवायची हिंमत कुणात नसते.

"पुरावा क्रमांक चार. आरोपीने ज. नामक स्त्रीस पाठवलेला आवाजी संदेश. 'आज दोन बोटी लागल्यात. चारशे माणसं वाढली. कट मोठा घातलाय.'"

जुलेखाचा पुसणारा हात थांबला.

"पुरावा क्रमांक पाच. 'एकदा कट जमला की इथं कुणाच्या बापाला ऐकायचा न्हाय.' पुरावा क्रमांक सात. 'माणसं अचानक वाढली, पाणी घालून कट वाढवला.' इथं भाषांतरकाराची तळटीप आहे. पाणी, म्हणजे सागरी मार्ग असावा."

"बाई, परत वाचा."

"तळटीप?"

"तळटीप गेली खड्ड्यात. कटाचं वाचा!"

बाईंनी परत वाचलं. या खेपेला तिसऱ्या शब्दापाशी त्यांच्या आवाजातली शाळा सुटली. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि तोंडावर हात घेतला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई गं."

सौमित्र एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. त्याला काही कळलं नव्हतं.

जुलेखा उठली. चुलीवरच्या पातेल्यातनं तिनं लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा वाटीत घातला, ब्रेडच्या दोन कापा ताटलीत टाकल्या आणि त्याच्यापुढं आदळल्या. "खावा."

"काकू, मला आत्ता..."

"खावा म्हंती न्हवं!"

सरकारनं ब्रेड बुडवला आणि खाल्ला. सरकारच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकातनंही आलं.

"ह्येला काय म्हंत्यात?"

"तर्री," सौमित्र हुंदका दिल्यासारखा म्हणाला.

"कुठल्या गावाला?"

"नागपूरला. माझं गाव."

"आन् ह्या गावाला?"

तो उत्तर देणार तेवढ्यात कोपऱ्यातनं ताटलीवर चमचा वाजला आणि गुंडू पैलवानानं, डोकं वर न करता, रोजच्यासारखी हाळी दिली. "भाभी, वाईच कट आना की!"

सौमित्रनं ब्रेड खाली ठेवला. त्यानं वाटीत बघितलं, मग बाईंच्या मांडीवरच्या कागदांत बघितलं. नागपूरच्या माणसाला कट म्हणजे एकच, अंधारात माणसं रचतात तो. कोल्हापूरचा कट कांदा-खोबरं भाजून रचतात, त्यात माणूस मरत नाही, फक्त घाम फुटतो. पण हे कोल्हापूरच्या बाहेर सांगितल्याशिवाय कळावं कसं?

जुलेखा सांगायला लागली. दस्तगीर तिकडं बंदरावरच्या कामगारांच्या कँटीनमध्ये आचारी म्हणून गेला होता. शेजारीच लष्करी गोदी. घरात त्यांचं बोलणं सगळं दख्खनी हिंदीत, पण भट्टीवरचं बोलणं मराठीत, कारण मिसळ तो शिकला ती चिमणाबाई नावाच्या मिसळवालीच्या हाताखाली, याच पेठेत, आणि शिकलेली विद्या ज्या भाषेत शिकावी त्याच भाषेत तोंडात बसते. रोज सकाळी भट्टी उतरली की तो तिला आवाजी निरोप पाठवायचा. आणि रोज सकाळी ती त्याला विचारायची, आज किती जण? मिसळवाल्याच्या बायकोला दुसरं काय सुचणार? तिनं विचारलं म्हणून त्यानं बोटी सांगितल्या, माणसं सांगितली.

"पुरावा क्रमांक नऊ," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "'काय बी म्हण जुले, तुज्यासारका कट मला जमत न्हाय.' यावरून सिद्ध होते की ज. ही या कटाची मुख्य सूत्रधार आहे."

जुलेखा हसली. मोठ्यानं, खदाखदा हसली, गुंडू घास सोडून उठून उभा राहिला इतकी. आणि हसता हसताच तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सहा वर्षं. दोन बोटं. पोरीचं लग्न. एका शब्दापायी, आणि तो शब्दही तिच्याच चुलीवरचा.

"म्हनून व्हय!" ती एकदम म्हणाली. "म्हनून फोनवर मराठी बोलू देत न्हाईत!" महिन्यातनं एकदा दहा मिनिटांचा फोन यायचा. हिंदीतच बोलायचं, मराठीचा एक शब्द निघाला की फोन बंद, असा नियम. नियमाचं कारण सहा वर्षांत आज पहिल्यांदा कळलं. त्यांच्या लेखी मराठी ही भाषा नव्हतीच, ती गुप्त खूण होती.

"मी हा गोषवारा तीनदा वाचलाय," सौमित्र म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्याशिवाय आणखी दोघा मराठी माणसांनी वाचलाय."

"एक कोल्हापूरचा ठेवायला काय झालंतं तुमास्नी?" जुलेखा कडाडली. "जाऊ द्या. आता कळलं न्हवं? मग कळवा त्यास्नी. आमचा मानूस हेर न्हाय, आचारी हाय म्हनावं. वाटी पायजे तर वाटी घेऊन जावा!"

सौमित्रनं नाक पुसलं. मग तो जे बोलला ते खाली बघूनच बोलला. खरं कळवता येईल. मग खटला परत उभा राहील, त्याला चार-पाच वर्षं जातील, आणि त्यांचं न्यायालय आपली चूक मान्य करेलच असं नाही. पण अदलाबदल त्याच दिवशी मोडेल. ठरलंय ते हेराच्या बदल्यात हेर. आपण आचारी म्हटलं की ते म्हणतील, आमच्या न्यायालयाला खोटं पाडणाऱ्यांशी सौदा नाही. आणि दिल्लीतही कुणी विचारेल, खरा हेर देऊन आचारी का आणला? हेराच्या बदल्यात आचारी, असं फाइलीवर लिहिता येत नाही.

"म्हंजे माझा मानूस हेर असला तर ईस दिवसांत घरला," जुलेखा एकेक शब्द मोजून म्हणाली, "आन् निर्दोष असला तर सा वर्सं आत?"

"शब्दांत मांडलं तर... हो."

"शब्दांतच मांडलंय की समदं! शब्दापायीच आत गेलाय त्यो! उठा. उठा आदी हितनं!"

तो उठला. शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर हवं, तोवर मी कोल्हापुरातच आहे, एवढं दारातनं सांगून तो गेला. वाटी मात्र त्यानं पुसून खाल्ली होती.

पुढचे दोन दिवस जुलेखाच्या अंगात वारं संचारलं होतं. सही करायची नाही, हे तर ठरलंच. उलट शुक्रवारी सकाळी चाळीस लिटरचं पातेलं भरून कलेक्टर कचेरीवर न्यायचं, दारात चूल मांडायची आणि येईल त्याला विचारायचं, ह्याला काय म्हंत्यात? सगळ्या पत्रकारांसमोर. गुंडू पैलवान तर हरखूनच गेला. कोल्हापुरात मोर्चाला कारण लागत नाही, वेळ तेवढी ठरवावी लागते. इथं तर कारणही होतं आणि नाश्ताही.

"शुक्रवारपतोर तोंड उघडायचं न्हाय," तिनं गुंडूला बजावलं. "उघडलंस तर तुजी मिसळ बंद." याहून मोठी धमकी त्या पेठेत नव्हती.

प्रमोदिनीबाई तेवढ्या शांत होत्या. "गुरुवारी त्याचा फोन आहे ना? मोर्चा त्याच्यानंतर ठरव."

"ठरवायचं काय त्यात? त्येनं तीनदा कागद परत केलाय, बाई. त्यो वाकला न्हाय. मी वाकू? त्येला काय तोंड दावू?"

खरं सांगायचं तर या दोन दिवसांत जुलेखा खूश होती. सहा वर्षं ती अंधारात हातपाय मारत होती. आता मारायला समोर काहीतरी होतं, आणि तिचा हात चांगला लागत होता. वीस दिवसांचा विचार ती मनात येऊ देत नव्हती. आला की ती कांदा चिरायला बसायची.

गुरुवारी चार वाजता फोन आला. बाई शेजारी बसल्या होत्या, फोनचा आवाज मोठा ठेवलेला. पलीकडं नेहमीसारखा आधी एक खाकरण्याचा आवाज, तो ऐकत बसणाऱ्याचा. मग दस्तगीर. साखर कशी आहे, पाय कसा आहे, चंदगडची नात काय म्हणते, असं हिंदीतलं कोरडं बोलणं झालं. मग जुलेखानं खुर्ची पुढं ओढली.

"सुनो. तुम रोज सुबू भट्टी पे क्या बनाते थे? लाल-लाल, उप्पर तेल वाला. उसका नाम याद करो. बोलो नक्को, सिरफ याद करो."

"हां. किया."

"अब उसका दुसरा मतलब याद करो."

बाई फोनवर वाकल्या. मग पलीकडनं एक आवाज आला, दार करकरावं तसा, आणि तो आवाज हसण्याचा आहे हे ओळखायला जुलेखाला एक क्षण लागला. सहा वर्षांत तो हसला नव्हता. तो इतका हसला की त्याला खोकला आला. "या अल्ला," तो म्हणत होता, "या अल्ला. इत्ती सी बात पे?"

जुलेखाही हसत होती, डोळे पुसत होती. मग तिनं घाईघाईनं, हिंदीतनंच, सगळं सांगितलं. कागद आलाय, कबुली मागतायत, मी सही करणार नाही, उद्या सगळ्या गावाला दाखवून देते. तुम्ही तीनदा परत केलात, मी पण परत करणार. तुमची मान खाली जाऊ देणार नाही.

पलीकडचं हसणं थांबलं.

"मैं मेरे लिए वापस नहीं किया," दस्तगीर म्हणाला. "तेरे लिए किया. पेठ में लोगां तेरे कू जासूस की बीवी बोलेंगे, करके. सच बोल जुले, तू किसके लिए अड़ी है?"

तुमच्यासाठीच की, असं तिला म्हणायचं होतं. दोघं सहा वर्षं एकमेकांसाठी ताठ उभी होती, आणि बसू का, असं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

"आणखी तीन मिनिटं," खाकरणाऱ्यानं हिंदीत सांगितलं.

दस्तगीरनं मोठा श्वास घेतला. आणि मग, नियम माहीत असून, उरलेली तीन मिनिटं जाणार हे माहीत असून, तो मराठीत बोलला. भट्टीवर बोलायचा तसा.

"जुले, मला घरला यायचंय. लई दमलो गं."

फोन बंद झाला.

जुलेखा बंद फोन कानाला लावून बसून राहिली. तिला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो जास्त वेळ टिकला. एवढे दोन दिवस ढाल-तलवार घेऊन नाचले ती कुणाची लढाई? त्याचा पाय तिकडं कुजतोय आणि मी इकडं मोर्चाचं पातेलं घासतेय. ती ओक्साबोक्शी रडली, आणि बाईंनी तिला रडू दिलं.

"बाई, तुमी काय करचाल?" शेवटी तिनं विचारलं.

"त्या माणसाला सोडायला माझा विरोध आहे. तो मरेपर्यंत राहील," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण तू सही कर."

"खोट्याखाली?"

"हो, खोट्याखाली."

"करंन," जुलेखा म्हणाली. थोड्या वेळानं नाक ओढून, चुलीकडं जात तिनं पुढचं वाक्य पुरं केलं. "पर फुकट करायची न्हाय."

शुक्रवारी सकाळी पातेलं तयार होतं, तालीम तयार होती, एकानं तर फेटाही बांधला होता. जुलेखानं सगळ्यांना पोटभर वाढलं आणि घरी जायला सांगितलं.

"आन् मोर्चा?" गुंडूचा चेहरा बघवत नव्हता.

"फुडं ढकललाय. रद्द न्हाय."

सौमित्र अकराला आला. त्या दिवशी बूट नव्हते, चप्पल होती. जुलेखानं त्याला बसवलं, अकरा पानांचा गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्याशेजारी एक कोरा कागद ठेवला.

"सही करती मी. अकरा पानांवर अकरा. पर आदी तुमी."

"मी? मी कशावर?"

"तुमच्या दोन देशांनी मानसाच्या बदल्यात मानूस ठरवला. तुमास्नी न्हाय जमलं तर दिल्लीला इचारा, पर माजा सौदा सहीच्या बदल्यात सही. मी खोट्याखाली करती. तुमी खऱ्याखाली करा. लिवा, तुमच्या हातानं. दस्तगीर शिकलगार हेर न्हाय, आचारी हाय, ह्ये मला म्हाईत हाय."

सौमित्रनं कोऱ्या कागदाकडं बघितलं. "काकू, हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल."

"जाईल. माझ्या मानसाची सा वर्सं गेली आन् पायाची दोन बोटं गेली. मी तुमची नोकरी मागत न्हाय, सही मागती."

"हा कागद दाखवणार कुणाला?"

"त्येला." तिचा आवाज जरा खाली आला. "इमानातनं उतरला की पयला ह्यो कागद त्येच्या हातात. मी सही केली ती कबुली म्हनून केली, असं त्येला एक घटका बी वाटाय नको. आन् सरकारात एका तरी मानसाला खरं म्हाईत हाय, ह्ये त्येला वाचू दे. मराठीत."

सौमित्रनं पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. बाहेरनं एक रिक्षा गेली, मग दुसरी. प्रमोदिनीबाई परीक्षेच्या वर्गात बघतात तसं बघत राहिल्या. मग त्यानं कागद पुढं ओढला आणि लिहायला लागला. अक्षर बरं होतं. त्यानं सही केली आणि कागद सरकवला.

"हुद्दा," बाई म्हणाल्या.

त्यानं हुद्दा लिहिला.

"तारीख."

त्यानं तारीख घातली. बाईंनी दोन ओळी वाचल्या, एका ठिकाणचा ऱ्हस्व दीर्घ करायला लावला, आणि खाली साक्षीदार म्हणून आपलं नाव घातलं. "आणि दिल्लीला कळवा," त्या म्हणाल्या, "त्या फोटोवाल्याला सोडायला राजारामपुरीतून एक विरोध नोंदवलाय."

जुलेखानं तो कागद वाचला, परत वाचला, घडी करून पोलक्यात ठेवला. मग फडक्यानं हात पुसले आणि सरकारी गठ्ठा ओढून घेतला. माझ्या पतीने हेरगिरी केली हे मी कबूल करते. जुलेखा दस्तगीर शिकलगार. दुसरं पान. तिसरं पान. नवव्या पानावर, मुख्य सूत्रधार या शब्दांच्या बरोबर खाली, तिनं सही जरा मोठी केली. अकरावं झाल्यावर तिनं गठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला.

सौमित्र पिशवी बंद करून उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. त्याच्या तोंडावर अजून सरकार होतं, पण पातळ झालं होतं.

"काकू, एक विनंती आहे. ही कटाची गोष्ट आता कुठं बोलू नका. ते आले तरी नको. कबुलीवर तुमची सही आहे."

"त्येचा पाय घरात पडंपतोर गप बसती," जुलेखा म्हणाली. "त्येच्यानंतर साऱ्या पेठेला, साऱ्या गावाला, आन् दिल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं वरडून सांगनार. सही कागदावर केलीया साहेब, तोंडावर न्हाय केली."